जवारी

आमच्या गॅलरीत, ऊन येतं त्या बाजूला, ग्रिलला खेटून ती उभी असते. रंगाची रिकामी बादली हे तिचं घर; तळाला सळई तापवून पाडलेली पाच भोकं. उंची माझ्या कमरेएवढी, अंगकाठी किडकिडीत, पण बुंधा बघाल तर तपकिरी आणि टणक, एखाद्या लहानशा झाडाचा शोभावा असा. काल सकाळी तिच्यावर सतरा मिरच्या होत्या. मी रोज मोजतो. घरात या मोजणीची थट्टा होते, पण तिला ती चालते असं माझं मत आहे.

तिचं नाव जवारी. गडहिंग्लजच्या बाजारात तिला संकेश्वरी असंही म्हणतात; कर्नाटकातलं संकेश्वर तिथून फार लांब नाही. लांब, बारीक, वाळली की अंगभर सुरकुत्या. कोल्हापूरकडे वर्षाची चटणी कुटताना रंगाला ब्याडगी घेतात आणि झणक्याला हिला. जवारी म्हणजे गावठी, आपल्या मातीतली. या शब्दाचं मला नेहमी हसू येतं. मिरची मूळची मेक्सिकोच्या बाजूची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. तोवर आपलं तिखट बरंचसं मिऱ्यावर भागायचं, आणि पाहुणीचं नावही मिरीवरूनच पडलं. पण पाहुणी अशी काही घरात मुरली, की आता तीच घरची आणि बाकीच्या उपऱ्या. संकरित मिरचीचा विषय निघाला की माझी आत्ती नाक मुरडायची, "ती कंपनीची. तिला काय चव हाय?"

बी मला आत्तीनेच दिलं. बी विकत आणायचं असतं हेच तिला मान्य नव्हतं. पहिल्या तोड्याची मिरची ती बियाला धरत नसे, शेवटच्या तोड्याचीही नाही. मधल्या तोड्याच्या सुमारास वाफ्यात फिरून एक निरोगी झाड हेरायची आणि त्याच्या फांदीला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या फांदीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, पाहुण्यांनीही नाही. मिरची झाडावरच लालभडक होऊन जराशी मऊ पडली की तोडायची, सावलीत वाळवायची आणि अख्खीच ठेवायची. कानाशी हलवली की आत खुळखुळलं पाहिजे. मग चुलीतली राख घालून फडक्यात गाठ, आणि गाठ उतरंडीच्या वरच्या गाडग्यात. त्यातल्या चार मिरच्या तिने मला कागदात बांधून दिल्या आणि म्हणाली, "पुण्यात लावतोस? लाव. पर तिचं लाड करू नगंस."

मी लाडच केले.

आधी बियाबद्दल सांगतो. वाळकी मिरची मोडली की ताटलीत जे सांडतं ते चपटं, फिकट पिवळं, कानाच्या पाळीच्या आकाराचं असतं. एका अंगाला बारीकशी चोच. अंगठ्याच्या नखावर तीन-चार सहज मावतात. बीच तिखट असं समजून आपण ठेच्याआधी मिरच्या झटकतो. खरं तर तिखटाचं कोठार बियांत नसतं. बी ज्या पांढुरक्या शिरेला चिकटलेलं असतं, तिच्यात ते असतं. बी बिचारं शेजारामुळे बदनाम. ही शीर मी नखाने खरवडून काढली आणि पाच मिनिटांनी डोळा चोळला. पाण्याचे हबके मारून काही उपयोग होईना, कारण तो पदार्थ पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र विरघळतो. बायकोने माझी बोटं खोबरेलात चोळून मग साबणाने धुतली. डोळा आपला आपण तासाभराने निवला. तिची माझी ओळख झाली ती अशी.

पेरणी डिसेंबरात केली, तीही चूक. मिरचीचं बी उबेशिवाय हलत नाही; पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली तर आठवडा-दोन आठवड्यांत वर येतं, नाहीतर झोपून राहतं. श्रीखंडाच्या डब्यात बावीस बिया टाकल्या होत्या. अठरा दिवस नुसती माती बघितली. एकोणिसाव्या दिवशी डबा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर नेऊन ठेवला, कारण घरात रात्रंदिवस कोमट असणारी तेवढी एकच जागा. आठवड्याने मातीत एक पांढरी कमान दिसली. मिरचीचं रोप डोकं वर काढून येत नाही. आधी मान वाकवून पाठ बाहेर काढतं आणि मग डोकं ओढून घेतं. एकाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकून राहिलं होतं. मी मदतीला धावलो. चिमटीत टोपी धरून ओढली, तर टोपीबरोबर दोन्ही दळंही आली. उरलेल्या देठाकडे बघत मी दोन दिवस अपराध्यासारखा फिरत होतो. बाकीच्यांना मायेने सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं, तर त्यातली निम्मी मानेशी मऊ पडून आडवी झाली. बावीसातली पाच उरली. तीन वाटली, एक मांजराने पाडलं, आणि एक या बादलीत आलं.

हिचा स्वभाव मानी. खाऊपिऊ घातलेलं हिला आवडत नाही असं नाही, पण त्याची परतफेड ती करत नाही. पहिल्या पावसाळ्यात शेणखत, मोहरीच्या पेंडीचं पाणी, जे जे कुणी सांगेल ते घातलं. झाड काळंभोर हिरवं झालं, पानं तळहाताएवढी, आणि फूल एक नाही. नुसता संसार मांडलेला, पोरबाळ नाही. मग खत थांबवलं, तसं महिन्याभरात प्रत्येक बेचक्यात पांढरं फूल आलं. मान खाली घातलेलं, एवढंसं, तिखटाचा मागमूस नसलेलं. एकदा आम्ही आठ दिवस गावाला गेलो. परत आलो तर ही पानं लोंबवून उभी, मेलीच म्हटलं. बादलीभर पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत सावरली. त्या तोड्याचा ठेचा मात्र असा उतरला की जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. नाकं ओढण्याचा तेवढा आवाज.

रुसणं हे तिचं दुसरं काम. मेच्या उन्हात फुलं गळून बादलीभोवती सडा पडतो. कधी पानं आकसतात, त्याला आमच्याकडे बोकड्या म्हणतात. त्यातही खुणा आहेत. पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. आणि शेंडाच लहान-लहान पानांचा गुच्छ होऊन बसला तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटावं लागतं. हिचे द्रोण झाले तेव्हा मी भिंग घेऊन बसलो, निंबोळी अर्क मारला, आणि सोसायटीतल्या एका आजोबांच्या सल्ल्याने आंबट ताकात हिंग कालवून तेही शिंपडलं. दोन दिवस गॅलरीला कढीचा वास येत होता. पुढे पाऊस लागला आणि ती सुधारली. श्रेय ताकाला द्यायचं की पावसाला, यावर आजोबांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तिच्याकडे येणारा पाहुणा एकच, बुलबुल. पिकलेली लाल मिरची तो फळ खाल्ल्यासारखा खातो. आपल्याला जी आग होते ती पक्ष्यांना होतच नाही. आणि त्यांच्या पोटातून बी धडधाकट बाहेर पडतं, उंदरासारखं दातांखाली भरडलं जात नाही. म्हणजे तिचा राग सगळ्यांवर नाही. ती माणसं पारखते, इतकंच. आपण तिच्या यादीत चावणाऱ्यांत आहोत आणि तरीही तिचाच हट्ट धरून बसलो आहोत, याचं तिला काय वाटत असेल कोण जाणे.

शास्त्रीय नावात तिला वर्षायू म्हटलंय. लिनिअसने १७५३ साली तसं लिहून ठेवलं. थंड मुलखात ते खरंही असेल. आमची ही तिसऱ्या वर्षात आहे. दरवर्षी बहर ओसरला की वीतभर ठेवून छाटतो, आणि ती मुकाट्याने पुन्हा फुटते.

आता घराण्याची भानगड. पहिल्या वर्षी मी आत्तीसारखी फांदीला चिंधी बांधून बी धरलं. पण त्याच गॅलरीत, हातभर अंतरावर, बायकोची ढोबळी मिरची फुलली होती. मिरची बहुतेक आपल्याच परागावर फळते, पण मधमाशी मध्ये आली की नेम नसतो. दोघी एकाच जातकुळीतल्या, त्यामुळे सोयरिक जुळायला अडचण नाही. गंमत म्हणजे त्या वर्षीच्या मिरच्यांवर काही दिसलं नाही. लांब, बारीक, अस्सल जवारी. दुसऱ्या वर्षी ते बी पेरलं तेव्हा पोरं आखूड आणि गुबगुबीत निघाली. तिखटपणा मात्र पुरता आईचा, कारण या घराण्यात तिखट वरचढ असतं. मी म्हटलं, चला, अब्रू राहिली. त्यांचं बी यंदा पेरलं, तर नातवंडांत एक झाड असं निघालं की त्याची मिरची मुलीने काकडीसारखी कचाकचा खाल्ली आणि म्हणाली, "बाबा, ही भाजीला बरी."

आत्तीला फोनवर सांगितलं. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, "शेजार बघून लावावं, एवढं बी तुला कळंना?"

म्हणून या वेळी बंदोबस्त केला. लग्नात बदाम-खडीसाखर घालून देतात त्या जाळीच्या पुरचुंड्या घरात साठल्या होत्या. म्हातारीच्या एका फांदीवर, कळ्या उमलण्याआधीच, त्यातली एक चढवून नाडी आवळली. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची, म्हणजे पराग आतल्या आत पडतो. दोन फळं धरली आहेत. सोनेरी काठाच्या गुलाबी जाळीत, मुंडावळ्या बांधल्यासारखी.

शेजारच्या काकू काल संध्याकाळी गॅलरीत आल्या. पुरचुंडीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"दृष्ट लागू नये म्हणून बांधलंस का रे?"

परागाची सगळी कथा सांगायची माझ्यात ताकद नव्हती. "हो," म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटण्यासारखंच होतं. मग जाता जाता म्हणाल्या, "उद्या शनिवार. दाराला लिंबू बांधायचंय, सात मिरच्या काढून दे बघू. बाजारातल्या हल्ली फार मऊ असतात."

आज दहा आहेत. पुरचुंडीतल्या दोन मी त्यात धरत नाही.