गृहिणीची साठी

पुरुषास साठ वर्षे पुरी झाली म्हणजे आपल्याकडे घर गजबजून जाते. कोणी उग्ररथ शांती करतात; ज्यांना ती करावयाची नसते ते चार आप्तेष्टांस जेवावयास बोलावितात. पत्नी त्या दिवशी यजमानांच्या शेजारी बसते खरी, परंतु सोहळा असतो तो त्यांचा. तिची स्वतःची साठी केव्हा आली नि केव्हा गेली, हे पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात पलसाण्याहून आम्हांस फोन आला, "फादर, आईची साठी आहे; सगळे मिळून बाहेर जेवणार आहोत, आप्पा म्हणतात तुम्ही आलेच पाहिजे," तेव्हा आम्हांस मोठे कौतुक वाटले.

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता आणि हजिऱ्याहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर या मार्गे धुळ्याकडे जाणारा हमरस्ता हे येथे एकमेकांस मिळतात. आसपास कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आहेत. या दुसऱ्या रस्त्याने खानदेशातील किती माणसे पोटामागे सुरतेकडे आली असतील! आमचे हे वडीलधारे स्नेही त्यांतलेच. त्यांचे आयुष्य गिरणीच्या रंगखात्यात गेले. काकूंचे चुलीपुढे, आणि उरलेल्या वेळात साड्यांवर टिकल्या लावण्यात.

प्रथम प्रश्न उभा राहिला तो तारखेचा. काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून. वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही तारीख असेल! जूनमध्ये शाळा उघडे, आईबापांना तारीख सांगता येत नसे, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. जन्मनोंदणीचा कायदा देशात झाला तो १९६९ साली. काकूंचा जन्म त्याच्या आधीचा. त्यांची आई एवढेच सांगे की, १९६५ च्या लढाईत रात्री दिवे विझवून बसण्याचे जे दिवस होते, त्यांत ही झाली. मुलांचे म्हणणे, सर्व कागदांवर जून आहे तर जूनच धरावा. आप्पा म्हणाले, "मास्तरांनी दिलेली तारीख सरकारची. हिच्या आईने सांगितलेले दिवस हिचे." आणि सप्टेंबर ठरला.

हमरस्त्यावरच्या एका काठेवाडी हॉटेलात आम्ही बारा माणसे बसलो. शेव-टमाट्याची भाजी, वांग्याचे भरीत, बाजरीचे रोटले, खिचडी-कढी, ताक असा साधा बेत. काकू बसल्या, पण बसवेना! ताट आले की त्या नातवाच्या पानात वाढू लागत. कोणास काय हवे, यावर त्यांची नजर. अखेर वाढपी पोरगा हसून म्हणाला, "बेन, तमे बेसो." पहिला रोटला आला तो आप्पांनी त्यांच्या ताटात ठेविला. त्या सवयीने तो पुढे सारू लागल्या, तेव्हा आप्पा म्हणाले, "आज तू आधी." सगळे थांबले. काकूंनी लोणी लावून एक घास खाल्ला आणि सहज बोलून गेल्या, "गरम असताना भाकर अशी लागते होय!" चाळीस वर्षे भाकरी थापणाऱ्या हातांचे हे उद्गार! सुनांनी माना खाली घातल्या. मुलगेही क्षणभर गप्प झाले.

त्या शांततेत आप्पांनी जे सांगितले, ते त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. चार दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. हे कुटुंबही गावी गेले. परत आले तेव्हा हातात पगार नाही, खोलीचे भाडे थकलेले, मुले लहान. काकूंच्या अंगावर माहेरच्या दोन पाटल्या होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. स्टेशनच्या गर्दीत हरवल्या, असे त्यांनी माहेरी सांगितले. त्यांच्या वेंधळेपणाची थट्टा घरात आजवर चाले. "हरवल्या नाहीत," आप्पा म्हणाले, "तिने विकल्या. माझ्या सासऱ्यांपुढे माझी मान खाली जाऊ नये म्हणून एकतीस वर्षे बोलणी तिने खाल्ली." काकू एवढेच म्हणाल्या, "जेवताना कशाला ते?" पुढे बिल आले तेव्हा मुलांत चढाओढ लागली, पण आप्पांनी कोणास देऊ दिले नाही. "पाटल्यांचे हे व्याजसुद्धा नव्हे," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या खिशातून नोटा मोजल्या.

परतताना आमच्या मनात विचार आला, हे बोलणे घरच्या ओट्यापाशी झाले असते काय? बहुधा नाही. घरी काकू जेवणाऱ्यांच्या पंगतीत बसल्याच नसत्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-विनियोग पाहणीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, आणि पुरुषांची ८८. म्हणजे तिच्या वाट्यास पावणेपाच तासांहून अधिक, त्याच्या वाट्यास दीड तासाहूनही कमी. आणि या कामास ना पगार, ना निवृत्ती. पुरुषास साठीला कामातून सुटी मिळते. गृहिणीस साठाव्या वर्षी काय मिळते?

हॉटेलातले जेवण म्हणजे उधळपट्टी, असे जुनी मंडळी म्हणत. एके काळी तर बायकांनी हॉटेलची पायरी चढणे हेच वावगे मानीत. म्हणून पडदा लावलेल्या 'फॅमिली रूम'ची सोय असे. खर्च बेताने करावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या फ्रेंच शब्दावरून 'रेस्टॉरंट' हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ थकल्याभागल्यास पुन्हा शक्ती देणारा सूप, असा आहे. या अर्थाने पाहिले तर त्या मेजावर बसण्याचा पहिला अधिकार कोणाचा, हे सांगावयास नको.

तरीही हॉटेल हे केवळ निमित्त होय. तेथे जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी घरीच एक दिवस तिला पाटावर बसवावे आणि पहिली गरम भाकरी तिच्या ताटात घालावी. मात्र तेवढ्यावर थांबू नये. तिने घरासाठी काय सोसले हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते मुलांसमोर मोठ्याने सांगावे. कारण ती स्वतः सांगणार नाही, आणि आपण गेल्यावर ते सांगणारा कोणी उरणार नाही. वाचकहो, आपल्या घरातील त्या माउलीचा जन्म नेमका कोणत्या दिवसांत झाला, हे आजच तिला विचारा. दाखल्यावरची तारीख नव्हे. तिच्या आईने तिला सांगितलेली.