अभ्रकाचा एवढासा तुकडा

नाशिकला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी आणि वेळ उरला तर त्र्यंबकेश्वर! पण मागच्या गणपतीच्या आधी मी भाचरांबरोबर जे नाशिक पाहिलं, ते वेगळंच होतं. आणि त्या सहलीची सुरुवात झाली एका ‘फट्’ अशा आवाजाने.

त्याचं असं झालं. जेलरोडच्या आमच्या कॉलनीत गणपतीत मुलांचा कार्यक्रम असतो. माइक होता, अ‍ॅम्प्लिफायर होता, पण आवाज निघायचा मुंगीएवढा. भाचा म्हणाला, “मामा, माइकमधून वीज येते ती जेमतेम काही मिलिव्होल्ट. आधी ती प्रीअ‍ॅम्पमध्ये मोठी करायची, मग अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची. किट मिळतं, आपणच जोडू.” साठवलेले सगळे पैसे त्याने माझ्या हातावर ठेवले.

शनिवारी द्वारकामार्गे शालिमारला उतरलो. तिथून पायीच महात्मा गांधी रस्त्यावर. दुकान म्हणजे लहान लहान खणांचं कपाटच! रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, रंगीत वायर... भाची तर खण मोजतच बसली. दुकानदार काकांनी किटची पिशवी दिली आणि म्हणाले, “यातलं काही टाकू नका हं, बाळांनो.”

आम्ही नेमकं तेच केलं!

पिशवीत कागदाइतका पातळ, काचेसारखा चकचकीत एक तुकडा होता आणि प्लास्टिकची एक बारीकशी नळी. आम्हाला वाटलं, पॅकिंग असेल. गेलं कचऱ्यात. दोन संध्याकाळी डाग देण्यात गेल्या. मग सगळं पत्र्याच्या डब्यात बसवलं. २३० व्होल्टची बाजू मी स्वतः जोडली, तिथे मुलांना हात लावू दिला नाही. बटण दाबलं आणि फट्! फ्यूज गेला. भाच्याचा चेहरा एवढासा झाला. गणपती आठ दिवसांवर आले होते.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून पुन्हा त्याच दुकानात. काकांनी झाकण उघडलं आणि हसून विचारलं, “अभ्रक कुठंय?”

“अभ्रक? म्हणजे तो चकचकीत...” भाचीने जीभ चावली.

काकांनी समजावून सांगितलं ते तुम्हीही ऐका. या किटला अधिक १२ आणि उणे १२ असा दोन्ही बाजूंचा पुरवठा लागतो. त्यासाठी ७८१२ आणि ७९१२ असे दोन रेग्युलेटर असतात. दिसायला अगदी जुळे भाऊ! तीन पाय आणि पाठीला धातूची पाटी. ते गरम होतात म्हणून पाठ डब्याच्या पत्र्याला स्क्रूने आवळायची, म्हणजे उष्णता पत्र्यात जाते. पण जुळ्यांच्या पाठी सारख्या नाहीत. ७८१२ ची पाठ आतून ग्राउंडला जोडलेली असते आणि ७९१२ ची पाठ जोडलेली असते येणाऱ्या उणे विजेला. दोघांना एकाच पत्र्यावर बसवलं की उणे वीज सरळ ग्राउंडला भिडते. शॉर्ट! फ्यूज होता म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला.

“मग पाठ आणि पत्रा यांच्यामध्ये काय घालायचं? कापड, पुठ्ठा घातला तर वीज अडेल, पण उष्णताही अडेल. आपल्याला वीज अडवणारं पण उष्णता जाऊ देणारं काहीतरी हवं. ते म्हणजे अभ्रक.”

मला एकदम आईची जुनी इस्त्री आठवली. तिच्या आतली तार अभ्रकावरच तर गुंडाळलेली असायची! हे अभ्रक जमिनीतून निघतं, त्याचे पापुद्रे सुटतात. झारखंडमधले कोडरमा आणि गिरिडीह हे भाग त्यासाठी जगभर ओळखले गेले.

काकांनी नवा तुकडा दिला. दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावून भाच्याने तो बसवला. मीटर लावला तर पीं...! अजून शॉर्ट!

“स्क्रू लोखंडाचाच ना?” काका म्हणाले. “पाठीला शिवतो आणि पत्र्यालाही. चोर मागच्या दाराने गेला!” तेव्हा कळलं ती प्लास्टिकची नळी कशासाठी होती. ती स्क्रूवर चढवायची. तिला बुश म्हणतात. बुश घातला, मीटर गप्प झाला. मग काकांनी उघड्या तारांवर स्लीव्ह चढवायला लावली.

निघताना भाचीने विचारलं, “काका, बारा व्होल्टला एवढं, तर मोठ्या विजेला काय करत असतील?”

“एकलहऱ्याच्या बाजूला जा आणि मान वर करून बघा.”

रविवारी गेलो. नाशिकरोडपासून जवळच. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. तिथून निघणाऱ्या मनोऱ्यांखालून, रस्त्यावर उभं राहूनच आम्ही चिनी मातीच्या बश्यांच्या माळा मोजल्या. १३२ किलोव्होल्टच्या तारेला साधारण नऊ-दहा बश्या, २२० किलोव्होल्टला तेरा-चौदा. वीज जितकी जोरकस, माळ तितकी लांब. बशीचा आकारही उगाच नाही. पाऊस पडला तरी तिची खालची बाजू कोरडी राहते, छत्रीसारखी. आणि तारा उघड्या कशा? त्यांच्याभोवतीची हवाच अडसर! म्हणून तर मनोरे इतके उंच.

आमच्या नाशिकचा हा धंदाच आहे म्हणा ना. अंबडला पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज, आताची सीजी पॉवर, मोठमोठे सर्किट ब्रेकर बनवते. त्यातल्या काहींत सल्फर हेक्झाफ्लुराइड नावाचा वायू भरतात. तोही काय करतो? वीज जाऊ नये तिथे जाऊ देत नाही. आपलं अभ्रकही तेच करतं, डब्याच्या एका कोपऱ्यात बसून.

परतल्यावर भाच्याने आधी मीटरने सगळं तपासलं, मगच मला बटण दाबायला सांगितलं. फट् झालं नाही. भाची माइकजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “गणपतीबाप्पा...” पलीकडच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “मोरया!”

तर मंडळी, किट आणलंत तर पिशवीतला बारीकसारीक तुकडाही टाकू नका. बटणाआधी मीटर लावा. आणि घरातल्या विजेची जोडणी मोठ्यांकडूनच करून घ्या. पुढच्या वेळी बसमधून जाताना मनोरा दिसला, तर बश्या मोजायला विसरू नका!