आत्या, पुढचं इंजेक्शन चुकवू नकोस

मुलुंड (पूर्व)

प्रिय आत्या,


काल फोनवर तू म्हणालीस, "आता छान दिसतंय गं. घाटकोपर स्टेशनावरचा इंडिकेटर पुलावरून वाचता येतो. पुन्हा कशाला ती सुई टोचून घेऊ?" तुझा आनंद ऐकून मलाही बरं वाटलं, पण रात्री झोप लागेना. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुला चांगलं दिसतंय ते त्या इंजेक्शनांमुळेच. इतक्या वर्षांच्या साखरेने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पोखरल्या. त्यांतून पाणी झिरपलं आणि पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याच्या जोरावर आपण सुईत दोरा ओवतो, तोच सुजला. औषधाने गळती थांबते आणि सूज उतरते. पण काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो आणि वाहिन्या पुन्हा पाझरायला लागतात. हीच औषधं एकमेकांशी ताडून पाहणारा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या रुग्णांना पहिल्या वर्षी साधारण नऊ-दहा इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी पाच-सहा. तुझी झालीत तीन. पुढे गरज कमी होत जाते हे खरं, पण ती किती कमी झाली हे ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, सूज मोजून डॉक्टर ठरवतील. घरबसल्या आपण कसं ठरवायचं?

सुईची भीती तुला नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वेळेनंतर तूच मला सगळं रंगवून सांगितलं होतंस: थेंबांनी डोळा बधिर झाला, तपकिरी औषधाने धुतला, पापणी मिटू नये म्हणून क्लिप लावली, डॉक्टर म्हणाले "वर बघा", जरासा दाब जाणवला, डोळ्यापुढे दोन-चार काळे ठिपके तरंगले आणि झालंसुद्धा. सुईपेक्षा आधीचं ताटकळणंच जास्त, असं म्हणाली होतीस. खरी अडचण आहे ती खर्चाची, आणि दर वेळी मुलाला रजा घ्यायला लावायची. ते तू तोंडाने बोलणार नाहीस, म्हणून मीच लिहिते.

खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल, त्यात कसला आलाय संकोच? या कामाची औषधं दोन-तीन तऱ्हेची आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक आहे. त्यांतल्या रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्ती २०१५ पासून आपल्याकडे मिळते. बेव्हासिझुमॅब तर मुळात कर्करोगाचं औषध, पण डोळ्यांसाठी जगभर वापरतात आणि ते सगळ्यांत स्वस्त. तुझ्या डोळ्याला कोणतं चालेल ते डॉक्टरच सांगतील, विचारायचं मात्र आपण. आणि खासगी दवाखाना झेपतच नसेल तर लोकलने विद्याविहार, कुर्ला, मग शीव. तिथल्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. रांग लांब असते, पण मी बरोबर असेन.

आता डाव्या डोळ्याचं. त्याला लेझर सांगितलंय आणि तू ते टाळतेयस, कारण शेजारच्या काकूंना लेझर करूनही "काही जास्त दिसलं नाही". अगं, त्या लेझरने जास्त दिसावं अशी अपेक्षाच नसते. पडद्यावर ज्या नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात, त्या फुटून डोळ्यात रक्त उतरू नये, पडदा ओढला जाऊन सुटू नये, यासाठी ते करतात. थोडी बाजूची आणि अंधारातली नजर त्यात जाऊ शकते, हेही तुला आधीच सांगून ठेवते. पण अशा डोळ्यांत नजर पार जाण्याचा धोका लेझरने निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ पासून सिद्ध झालेलं आहे.

साखरेबद्दल तुला मी काय सांगणार, तुझी वही माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. माझं भांडण आहे ते बीपीच्या गोळीवरून. डोकं दुखलं तरच ती घ्यायची, ही तुझी पद्धत डोळ्यांना महाग पडतेय. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासात, ज्या मधुमेहींचं बीपी नीट आटोक्यात ठेवलं, त्यांच्यात पडद्याचा आजार बळावण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. ती गोळी रोजची आहे, आत्या.

आणि हो, भाऊकाकांनाही तपासायला ने. "मला नीट दिसतंय, माझी साखर बॉर्डरवर" म्हणत ते किती वर्षं टाळताहेत! पडद्याचा हा आजार बरीच वर्षं दुखत नाही, खुपत नाही, दिसणंही कमी होत नाही, म्हणूनच तपासायचं. २०१८ मध्ये आपल्या मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहींच्या पडद्याचे फोटो मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढले. काढणारा आरोग्य कर्मचारी होता, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. फोनमधल्याच यंत्रणेने, इंटरनेटशिवाय, ते तपासले. चांगले फोटो मिळालेल्या २१३ जणांत, ज्यांना नेत्रतज्ज्ञाकडे धाडणं गरजेचं होतं असा एकही त्या यंत्रणेकडून सुटला नाही. तपासणी इतकी सोपी होत चाललीय आणि काका अजून चष्म्याच्या नंबरावरच अडलेत. टाइप टू मधुमेह निघाला की लगेच पडदा तपासायचा आणि मग दर वर्षी, एवढंच त्यांना सांग.

घरी एक करत जा: एक डोळा झाकून खिडकीच्या ग्रिलचे गज बघ, मग दुसरा झाकून. गज वाकडे दिसले, मधे डाग आला, किंवा एकाएकी काळं जाळं तरंगू लागलं, तर तारखेची वाट बघू नकोस. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखून लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं, तर रात्री असो की रविवार, मला आणि डॉक्टरांना त्याच घडीला फोन कर.

मंगळवारी सकाळी मी येते. तुझ्या लेकाला कामावर जाऊ दे. नाश्ता आणि गोळ्या घेऊन तयार राहा, बीपीचीसुद्धा. जुने ओसीटीचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि साखरेची वही पिशवीत घाल. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास उजेड सोसत नाही, तेव्हा काळा चष्मा विसरू नकोस. परतताना गर्दीची लोकल नको, रिक्षा करू.

तुझी भाची