नकली स्ट्रॅट

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ सालची. माझी म्हणजे तिची स्वस्तातली नक्कल, मेसच्या पैशांतून घेतलेली! घरी सांगितलं, 'पुस्तकं घेतली.' पण ती कायम बेसूर. रूम पार्टनर वैतागला, मी गिटारला शिव्या घातल्या. शेवटी एका सिनिअरने स्क्रू-ड्रायव्हर काढला. १२ व्या फ्रेटवर सूर चढा लागत होता. त्याने ब्रिजवरची सॅडल्स जराशी मागे घेतली. सूर जुळला! खुद्द लिओ फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करायचा. म्हणजे आपल्यातलाच की! आता सबब उरली नाही. चुकतात ती माझीच बोटं. सुट्टीत बाबांना खरं सांगितलं. गप्प राहिले, मग म्हणाले, "वाजव बघू." दोनदा चुकलो, पण वाजवली.