कोरियाच्या कादंबरीत आपलं काय?



"दादा, मी आधुनिक कोरियन साहित्यावर पीएच.डी. करतेय," असं आमच्या अभ्यासिकेत वाढलेल्या एका मुलीने सांगितलं, तेव्हा आम्ही तिचं अभिनंदन केलं नाही. उलट विचारलं, "याचा समाजाला उपयोग काय?" आई धुणीभांडी करते, घरातली ही पहिली पदवीधर, वस्तीत जातपडताळणीपासून शिष्यवृत्तीपर्यंत कामांचा ढीग पडलेला, आणि ही परक्या देशाच्या कादंबऱ्या वाचणार! आम्हाला ती चैन वाटली. चूक आमची होती, हे आज जाहीरपणे कबूल करतो.

तिने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी आली आणि बेकजॉंग लोकांविषयी बोलली. जनावरं कापणारे, कातडं कमावणारे हे कोरियातले लोक. त्यांची वस्ती वेगळी. रेशीम नेसायचं नाही, कौलारू घर बांधायचं नाही, इतरांसारखी टोपी घालायची नाही. 1894 च्या सुधारणांनी हा भेद कायद्याने संपवला. पण 1909 मध्ये जिंजू शहरातल्या चर्चमध्ये बेकजॉंग सोबत बसणार म्हटल्यावर बाकीचे ख्रिस्ती उठून गेले. कायदा कागदावर राहिला, जात माणसांच्या मनात राहिली. मित्रांनो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना?

त्याच जिंजूत एप्रिल 1923 मध्ये 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. नावाचा अर्थ तराजूच्या समतोलाशी जोडलेला. खाटकाच्या हातातला तराजूच त्यांनी समतेचं निशाण केला. मागण्या काय? अपमानकारक नावं बंद करा, आमच्या लेकरांना शाळेत घ्या. उत्तर काय मिळालं? गावकऱ्यांनी त्यांच्याकडून मांस घेणं बंद केलं. बहिष्कार! आपला महाडचा सत्याग्रह याच्या चार वर्षांनंतरचा, 1927 चा.

तिच्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी आहे ह्वांग सून-वन यांची 1960 च्या दशकातली कादंबरी 'इरवोल', म्हणजे सूर्य आणि चंद्र. वास्तुकलेचा अभ्यास करणारा, खात्यापित्या घरातला एक तरुण. त्याला एक दिवस कळतं, की आपलं घराणं बेकजॉंग आहे आणि बापाने ते दडवलं. पुढची सगळी कादंबरी त्या कळण्याचं ओझं वाहते.

इथपर्यंत सांगून ती गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, या कादंबरीवरचं प्रकरण माझ्याकडून लिहून होत नाही. कारण विद्यापीठात तीन वर्षं मीही आडनाव लावत नाही." मार्गदर्शकांनी तर सांगून टाकलं होतं, की जात ही भारतातली भानगड, कोरियन साहित्यात ती ओढून आणू नकोस. आणि ती आम्हाला विचारत होती, "प्रस्तावनेत मी कोण आहे, ते लिहू का?"

व्यासपीठावर असतो, तर आम्ही ताबडतोब म्हणालो असतो, लिही! पण त्या खोलीत कोणी बोललं नाही. भाड्याची खोली शोधताना आमच्यापैकी दोघांनी आडनाव गिळलेलं आहे. जे आम्हाला जमलं नाही, ते त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार?

काहीजण म्हणतील, कोरियात आज कोणी स्वतःला बेकजॉंग म्हणत नाही, मग लपणं फळलंच की! हा युक्तिवाद तपासायला हवा. तिथे 1950 ते 1953 च्या युद्धाने माणसं देशोधडीला लावली, मग शहरं आणि कारखाने वाढले. कोण कुठल्या गावचा, कोणाचा, हे सांगणारी जुनी चौकटच मोडली. आपल्याकडे शहरं वाढली, पण आडनाव विचारणं थांबलं नाही. लग्नाच्या जाहिराती आजही जातीच्या रकान्यांत छापतात. शिवाय तिथे जातीला आपल्यासारखा धर्मग्रंथांचा पाया नव्हता. म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत, असं आम्ही म्हणत नाही. पण मान मिळवण्याची सामुदायिक मागणी केली ती 1923 ला एकत्र आलेल्यांनी. लपलेल्या बापाने मुलाला पैसा दिला, पण सत्य सोसण्याचं बळ दिलं नाही.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी जातीवरचा निबंध वाचला, तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली. जगातल्या दबलेल्यांचा अभ्यास त्यांना चैन वाटला नाही. मग आमच्या लेकरांनी फक्त आपल्याच वस्तीवर संशोधन करावं, हा हट्ट कशासाठी? जगावर बोलायचा अधिकार इतरांचा आणि आम्ही फक्त आमच्या दुःखाचे साक्षीदार, ही वाटणीसुद्धा जातीचीच आहे.

तिने प्रस्तावना लिहिली. पहिल्याच परिच्छेदात स्वतःचं पूर्ण नाव, आईचं काम आणि वस्ती. प्रकरण अजून मार्गदर्शकांच्या टेबलावर पडून आहे. काय होईल, ठाऊक नाही. आम्ही मात्र एक ठरवलं. पुढच्या वेळी घरमालकाने विचारलं, की आडनाव पूर्ण सांगायचं.

जय भीम!