कुंझुमच्या वाटेवरचे हात

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात हजार वर्षांहून अधिक काळ बौद्ध धम्म नांदतो आहे. तेथील ताबोचा विहार इ.स. ९९६ मधला आहे. मनालीकडून स्पितीत जायचे तर ग्राम्फू ते काझा ही सुमारे १३५ किलोमीटरची वाट आणि साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडावी लागते. हिवाळ्यात ही खिंड बर्फाने बंद होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही कार्यालयातील सहा सहकारी वर्गणी काढून भाड्याच्या जीपने निघालो. ग्राम्फूच्या पुढे डांबर संपले. एका बाजूला कडा, दुसरीकडे खाली चंद्रा नदी आणि मध्ये नुसते दगडगोटे. चालकाने चारही चाकांना जोर लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच गाडी हाकली. ऊन चढते तसा बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणारे ओढे फुगतात. म्हणून ते सकाळीच ओलांडायचे, असे तो म्हणाला. खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांहून कमी असतो. तिथे इंजिन धापा टाकते आणि माणूसही. डोके दुखून मळमळ वाढली, तर हट्ट न करता खाली उतरावे.

खिंडीतील स्तूप आणि रंगीत पताका पाहून मन भरून आले. परंतु वाचकहो, त्याहून अधिक लक्षात राहिले ते दरडीखाली खडी फोडणारे स्त्री-पुरुष. तोंडाला फडके, अंगावर विटका स्वेटर. एकाला गाव विचारले. "दुमका, झारखंड," तो म्हणाला.

सीमा सडक संघटनेची स्थापना १९६० ची. तिच्या हिमालयातील रस्त्यांवर झारखंडचे मजूर वर्षानुवर्षे राबत आले आहेत. जून २०२० मध्ये लडाखच्या कामासाठी दुमक्याहून मजुरांची खास रेल्वे सुटली. त्या वेळी मध्यस्थ नकोत आणि मजुरी थेट बँक खात्यात जमा व्हावी, असा आग्रह झारखंड सरकारने धरला होता. मुकादमाने मजुरीतला वाटा कापणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीतल्या कुणाला सांगायला नको.

स्पितीला आपली एस.टी. असते तशी हिमाचलची सरकारी बसही उन्हाळ्यात जाते, त्यामुळे साध्या कुटुंबालाही हा प्रवास जमेल. जाल तेव्हा विहार अवश्य पाहा. आणि वाटेत गाडी थांबली, तर त्या मजुरांना विचारा, पगार पुरता हातात पडतो का?