उत्तराचा अधिकार कोठपर्यंत?

गणिताचें उत्तर एकदां बरोबर आलें म्हणजे तें सर्वकाळ बरोबर, असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज असतो. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, आणि माझा उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेला; तेव्हां 'डिफरन्शियल इक्वेशन'वर मीं लेखणी उचलावी हें कित्येकांस धाडस वाटेल. परंतु हा विषय आमच्या बारामतीच्या घरांत स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचला, त्यामुळें त्याची दखल घेणें भाग पडलें.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे. एक उदाहरण त्यानें अचूक सोडविलें असतांही परीक्षकांनीं दोन गुण कापले. कारण उत्तर कोणत्या प्रांतांत लागू आहे तें त्यानें लिहिलें नव्हतें. घरांतील सर्वांनीं मुलाची बाजू घेतली. मला मात्र परीक्षक न्यायी वाटले.

उदाहरण असें होतें. टाकींत शंभर सेंटिमीटर पाणी आहे आणि तळाची तोटी उघडी आहे. पाणी उंच तोंवर धार जोराची, पातळी उतरली कीं धार मंद. टॉरिसेली नांवाच्या इटालियन पंडितानें १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. पातळी या क्षणीं किती वेगानें उतरते, एवढेंच सांगणारें जें समीकरण तें विकलक समीकरण. आणि त्यावरून अमुक वेळीं पातळी किती असेल हें काढणें म्हणजे तें सोडविणें. उत्तर मोठें सुबक येतें : सारख्या काळांत उंचीचें वर्गमूळ सारखें घटतें. दहा मिनिटांनीं १०० चे ८१ झाले, तर वीस मिनिटांनीं ६४, तीस मिनिटांनीं ४९, आणि शंभराव्या मिनिटास शून्य.

येथवर सर्व यथास्थित आहे. परंतु सूत्र तेथें थांबत नाहीं. एकशें दहाव्या मिनिटास वर्गमूळ उणे एक होतें, आणि त्याचा वर्ग अधिक एक! म्हणजे रित्या टाकींत एक सेंटिमीटर पाणी आलें. आणि दोनशेंव्या मिनिटास तर टाकी पुनः पूर्ववत् भरली. आमच्याकडे वैशाखांत असें सूत्र कोणास नको आहे? मुलाची आजी हें ऐकून म्हणाली, "भावोजी, मग वर पाणी चढवायला मोटार कशाला लावायची?"

मुलगा म्हणे, "पण आजोबा, सूत्र तर तेंच आहे." सूत्र तेंच खरें, पण मूळ समीकरणाची अट अशी कीं, पातळी उतरेल किंवा स्थिर राहील, चढणार कधींच नाहीं. शंभराव्या मिनिटानंतर सूत्र चढूं लागतें, म्हणजे त्या क्षणापासून तें त्या समीकरणाचें उत्तरच राहत नाहीं. पुढचें खरें उत्तर 'शून्य' हें आहे, आणि तें निराळें लिहावें लागतें. वर्ग करतांना उण्याचें अधिक झालें, आणि त्या गर्दींत चोर साव होऊन बाहेर पडला.

भास्कराचार्यांच्या बीजगणितांत वानरांचें एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून जो वर्ग येतो तितकीं वानरें गुहेंत शिरलीं आणि एक बाहेर दिसलें, तर एकंदर किती? उत्तरें दोन निघतात, ५० आणि ५. आचार्यांनीं पांचास रजा दिली. कारण पांचाचा पंचमांश एक, आणि त्यांतून तीन वानरें वजा होत नाहींत. समीकरण संतुष्ट झालें तरी वानरें मोजणारा संतुष्ट झाला पाहिजे, हा विवेक आपल्याकडे बाराव्या शतकांतच होता. शिंगें असणें हें गाईचें लक्षण केलें तर म्हैसही त्यांत येते, हा नैयायिकांचा अतिव्याप्तीचा दोष याच जातीचा. व्याकरणांतही अधिकारसूत्राचा अंमल कोठें संपतो हें ठाऊक नसेल तर पुढचीं सूत्रें लागत नाहींत.

टाकीची सीमा डोळ्यांस दिसते; सर्वत्र तसें नसतें. एखादी राशि आपल्या वर्गाइतक्या वेगानें वाढत असेल व आरंभीं ती १ असेल, तर काळाचें एक माप पुरें होतांच ती अनंतास जाऊन भिडते. आरंभीं २ असेल तर अर्ध्या मापांतच. समीकरणांत ही मर्यादा कोठेंही लिहिलेली नाहीं. आरंभ बदलला कीं ती बदलते. सूत्र मात्र त्या क्षणापलीकडेही आंकडे देत राहतें, आणि तेही उणे! म्हणून ज्यांत आरंभाचा क्षण आहे, जो मध्यें कोठें तुटत नाहीं आणि ज्यांत मूळ समीकरण प्रत्येक क्षणीं खरें ठरतें, असा मोठ्यांत मोठा कालखंड शोधावयाचा. तोच उत्तराचा प्रांत.

यावर मुलानें वर्तमानपत्र पुढें केलें. "मग उजनी उणे कसें होतें?" प्रश्न मार्मिक होता. १९८० सालीं पुरें झालेल्या या भीमेवरील धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यांत दूरवर पसरला आहे, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत त्याचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खालीं गेला होता. पण तेथील शून्य हें तळाचें शून्य नव्हे. सुमारें ६३.६ टीएमसी मृत साठा खालीं सोडून त्यावरच्या ५३.६ टीएमसी उपयुक्त साठ्याची टक्केवारी मोजतात. मृत साठ्यांतून उपसा सुरू झाला कीं आंकडा उणे होतो. पाणी फार आटलें म्हणजे पळसदेवचें बुडालेलें जुनें मंदिर उघडें पडतें, तें या उण्याच्याच राज्यांत. तेव्हां टाकीस जें उणे निषिद्ध, तें धरणास विहित आहे. मुलानें लगेच कागदावर भागाकार करून धरणाचाही प्रांत काढला : गाळ हिशेबांत न धरतां खालीं उणे ११९ च्या सुमारास कोरडा तळ, आणि तुडुंब भरल्यावर वर १११ च्या आसपास.